डॉक्टरांनी नेलेली शेळी

आमच्या ब्राह्मणपुरीत कुणी कुणाची चांगली वस्तू डोळ्यांदेखत मागून नेली, की लोक अजूनही म्हणतात, "हाऊ ते म्हसावदना डॉक्टर निंघना!" हे बोलणं कुठून आलं ते आताच्या पोरांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण ती शेळी आमच्या गोठ्यातून गेली. डॉक्टरांची ही बदनामी ज्या घरातून गावभर झाली, त्या घरची मी सून.

डॉक्टर म्हसावदला बाजाराच्या मागच्या गल्लीत बसत. दोन खोल्या, बाहेर एक बाक आणि रंग उडालेली पाटी. साध्या सर्दी-खोकल्याला त्यांच्याकडे कुणी जात नसे. त्यांच्याकडे जायचे ते ज्यांचा ताप घरातलाच एक माणूस होऊन बसलाय असे लोक. महिना झाला, दोन महिने झाले, ताप काही हलत नाही. शहाद्याला दाखवलं, धुळ्याला दाखवलं, सुरतेलाही जाऊन आले. रक्त चांगलं, फोटो चांगला, सोनोग्राफी चांगली, आणि माणूस मात्र रोज वाळतोय. मग शेजारचं कुणीतरी म्हणायचं, "म्हसावदवालाकडे लई जा. डोकं जरासं तिरपं शे त्यानं, पन ताप धुंडी काढस."

डोकं तिरपं होतंच. एक तर ते पेशंटच्या समोर बसत नसत. खिडकीला तोंड करून एक लांब बाक टाकलेला होता, त्यावर पेशंट आणि डॉक्टर शेजारी शेजारी बसायचे, एसटीत बसल्यासारखे. खिडकीतून काय दिसायचं, तर शेजारच्या पिठाच्या गिरणीची भिंत. पुढ्यात स्टुलावर भाजलेल्या शेंगांचा डबा. पेशंट बोलायला लागला की डॉक्टर भिंतीकडे बघत शेंगा फोडायला लागत. दोन दाणे स्वतःच्या तोंडात, दोन पेशंटच्या हातावर. पहिल्यांदा आलेले नातेवाईक भडकायचे. आमचा माणूस मरायला टेकलाय आणि हा बाबा शेंगा काय खातोय! पण जुन्या लोकांना खूण माहीत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. शेंग फोडणारा हात थांबला, की समजायचं, त्यांना काहीतरी लागलं.

कागदांशी त्यांचं वाकडं होतं. सुरतेहून आणलेली जाडजूड फाइल कुणी पुढे केली की म्हणायचे, "ती तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. पह्यले तू सांग, मंग ती सांगी." फाइल वाचत नसत असं नाही. अगदी बारीक वाचायचे, पण शेवटी. तोवर पेशंटनं ती मांडीवर धरून बसायचं. 'व्हायरल' हा शब्द उच्चारायची त्यांच्या दवाखान्यात सोय नव्हती. ताप उतरवायच्या गोळ्यांवरही राग. म्हणायचे, "ताप म्हंजे कोन्हीतरी कडी वाजाडी ऱ्हायनं. आपन दार उघाडतस नही, कडीलेच तेल लाई ऱ्हायनूत."

आणि भाषा. शिकलेला माणूस दवाखान्यात गेला की पुस्तकातलं मराठी बोलतो, आणि डॉक्टर त्याहून वरचढ बोलतात. हे डॉक्टर सगळ्यांशी अहिराणीत बोलायचे, कलेक्टर ऑफिसातल्या साहेबांशीसुद्धा. ते मराठीत बोलायला लागले की ओळखायचं, चिडलेत. एकदा एका सावकारी थाटाच्या माणसानं आपल्या बायकोला एक शब्द बोलू न देता तिचा ताप स्वतःच सांगायला सुरुवात केली. डॉक्टर थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आपण कृपया बाहेर बसावे." तो माणूस जो बाहेर गेला तो बायकोचं बोलणं संपेपर्यंत आत यायची त्याची छाती झाली नाही.

पण त्यांचा खरा तिरपेपणा ऐकण्यात होता. ते ताप सुरुवातीपासून ऐकतच नसत. "आजफाईन सुरू कर, आनी मांगे चाल." आज सकाळी काय, त्याआधी काल रात्री काय, त्याआधी बाजाराच्या दिवशी काय. तारीख सांगितलेली चालायची नाही. कापूस वेचला तेव्हा, मामाच्या पोराच्या हळदीला, केळी कापली त्या आठवड्यात, असं सांगायचं. लोकांची तारांबळ उडायची. सरळ गोष्ट सगळ्यांना पाठ असते. उलटं जायचं म्हणजे प्रत्येक पावलाला थांबून आठवावं लागतं.

असं का, म्हणून मी त्यांना एकदा विचारलं होतं. तोवर मी बरी झाले होते आणि त्यांच्याशी वाद घालण्याइतकी धीटही. ते म्हणाले, "आजारी मानूसनी आपली गोष्ट गावभर सांगेल ऱ्हास. सांगी सांगी ती नदीमातला गोटासारखी गुळगुळीत व्हई जास. हात कोठे धरो? आनी आखो एक शे. सरळ सांगस तो तापफाईन सुरू करस. मांगून सांगस त्याले तापपाशी थांबानं भान ऱ्हास नही. तो आखो मांगे जास. माले तठेच जानं ऱ्हास."

या रीतीनं त्यांनी काय काय शोधून काढलं ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. शहाद्याकडची एक नवी नवरी होती. रोज संध्याकाळी अंग तापतं म्हणायची, आणि घरच्यांच्या थर्मामीटरमध्ये तो ताप कधी चढायचा नाही. ती मागे मागे जात लग्नाच्या मांडवापर्यंत आली, मांडव ओलांडून आईच्या अंगणात गेली आणि तिथंच हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरांनी तरी रक्त तपासलं, छाती ऐकली, आणि मग चिठ्ठीवर लिहिलं, 'माहेर. एक महिना.' सासरा चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "हे मन्हाजोडे नही."

न सापडलेलाही एक ताप होता. माझ्या माहेरी, धानोऱ्याला, एक किराणा दुकानदार होते. त्यांना डॉक्टरांनी नाना परीनं तपासलं, मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेले, पण ताप काही नाव सांगेना, आणि माणूस गेला. तेव्हापासून डॉक्टर दर आखाजीला एसटीनं धानोऱ्याला यायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं घागर भरतात, निखाऱ्यावर पुरणाचा घास टाकतात. डॉक्टर त्या घरी जाऊन पुरणपोळी आणि आमरस जेवायचे आणि दुकानदारांच्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, आखो एक डाव मांगून सांगा." ती बाई दर वर्षी सांगायची. लोक म्हणायचे, बिचारीच्या जखमेवरची खपली काढतो मेला. ती बाई माझ्या आईला म्हणाली होती, "आते त्यास्नं कोन्ही इचारस नही. यवढा एक मानूस इचारस."

आता माझ्या तापाकडे येते. मी मात्र सरळ सांगणार आहे, डॉक्टर नाहीत आता अडवायला.

आमची मुलगी श्रावणात झाली. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते आणि बाळंतपणाच्या रजेवर होते. थंडी सुरू झाली आणि मला संध्याकाळचा ताप यायला लागला. अंगाला घाम असा सुटायचा की उशी पिळून काढावी. कंबर धरलेली, गुडघे धरलेले. आठवडाभर यायचा, मग चार दिवस जायचा. वाटायचं, सुटले. पुन्हा हजर. संक्रांतीपर्यंत माझे गाल बसले होते. तपासण्या सगळ्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी एका मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "टीबी असू शकतो. औषध सुरू करून बघू."

'असू शकतो' आणि 'बघू' हे दोन शब्द. पण आमच्या घरानं त्यातला 'टीबी' तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ गाडी घेऊन आला आणि मुलीला धानोऱ्याला घेऊन गेला. कुणी वाईट वागलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळे रडतच होते. पण माझ्या मांडीवरचं मूल उचलून नेलं आणि मला ते देऊन टाकावं लागलं. छाती भरून यायची आणि मूल तिकडे बाटलीतल्या पावडरच्या दुधावर. मग हळूहळू छाती भरून यायचीही थांबली. आई फोन करून तिचा आवाज ऐकवायची. एक दिवस म्हणाली, "आज रांगली बरं का." मी फोन ठेवून दिला. माझी मुलगी रांगली आणि मी ते पाहिलं नाही, याच्यापुढे मला तापाचं काही वाटेनासं झालं होतं.

आमच्या यांनी टीबीच्या गोळ्या आणून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. बुधवारपासून सुरू करायच्या असं ठरलं, आणि त्याआधी कुणीतरी म्हसावदच्या डॉक्टरांचं नाव काढलं. मी, हे आणि माझ्या सासूबाई असे तिघं गेलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. धिप्पाड बाई, आवाज असा की वावरातून हाक मारली तर गावात ऐकू यावी, आणि माझ्यावर त्यांचा जीव. बाकावर डॉक्टर, मग मी, मग आत्या. हे उभे.

मी सुरू केलं, "साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस मला सायंकाळी..."

"घरमा बोलस तशी बोल. आठे शाळा भरेल नही. आनी आजफाईन."

मी आजपासून निघाले. आज सकाळी भाकरी गेली नाही. काल घाम. परवा ताप नव्हता, पण कंबर. मुलगी गेली तो दिवस. इथं डॉक्टरांनी भिंतीकडे बघतच माझ्या हातावर दाणे ठेवले. मग संक्रांतीचे तीळ, मग तुरीच्या शेंगा, आणि असं करत मी पहिल्या तापाच्या संध्याकाळपाशी पोचले आणि थांबले.

"त्याना मांगे?"

"त्याना मांगे ताप नव्हता."

"ताप नव्हता तेच माले आयकनं शे. चाल."

त्याच्या मागे दिवाळी. दिवाळीत पाहुणे. पाहुण्यांच्या आधी मला दूध कमी पडायला लागलं होतं, मुलगी रडायची, म्हणून आत्यांनी बाजारातून शेळी आणली होती.

शेळी म्हटल्यावर आत्यांना राहवलं नाही. त्यांच्या शहाणपणाची ती गोष्ट होती, ती सुनेनं घाईत उरकावी हे त्यांना कसं चालेल? "टिकली," त्या म्हणाल्या. "कपाळवर धवळी टिकली शे तिले. अशी शेळी भेटस नही, डॉक्टर. तिना गाभ पडी गयथा, पिलू नव्हतंच. मंग मी म्हनं, पिलूले पाजानं नही, बठं दूध मन्ही सूनले! रोज सकाय धार काढस आनी गरम गरम पेला इना हातमा देस. उकाळस नही. उकाळं का मंग दूधमा काय ऱ्हास? ताप उना तवयपाईन ते दोन पेला करी दिन्हात मी."

डॉक्टरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी बघितलं. शेंगेवर अंगठा टेकलेला होता आणि दाबत नव्हता. मला वाटलं, हे फक्त मलाच दिसलं. मग ती शेंग फुटली आणि डॉक्टर आत्यांना म्हणाले, "भलती हुशार शे तुम्ही, माय." पुढे त्यांनी विहिरीचं पाणी विचारलं, डास विचारले, शेजारी कोण खोकतं ते विचारलं. माझा फोटो खिडकीला धरून बराच वेळ पाहिला. निघताना यांना म्हणाले, "त्या गोळ्या बाजारलगून उघाडू नका. आनी रविवारले मी जेवाले येसू."

पेशंटच्या घरी जेवायला जायचं ही त्यांची आणखी एक खोड. आणि सांगितलेल्या दिवशी जायचं नाही ही त्याच खोडीची पुढची पायरी. रविवारसाठी आत्यांनी गोठा सारवायचं ठरवलं होतं, आणि डॉक्टर शनिवारीच स्कूटरवर दारात. धांदल उडाली. चुलीत वांगी भाजून भरीत केलं, उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. जेवण होईपर्यंत डॉक्टर घरभर हिंडले. पाण्याच्या माठात डोकावले, गोठ्यात जाऊन टिकलीचे कान खाजवले. आत्यांच्या हातचा तो पितळी पेला उचलून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला. जेवल्यावर वसरीत माझं रक्त घेतलं. जाताना जनावरांच्या डॉक्टरांनाही सहज म्हणून आमच्या गोठ्यात पाठवतो म्हणाले. माझं रक्त सुरतेला गेलं. धानोऱ्याला जाऊन मुलीचंही रक्त घेतलं, हे मला नंतर कळलं.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कोनाड्यातल्या गोळ्यांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, टीबी तर टीबी, पण काहीतरी नाव सांगा. नावाशिवाय माझं मूल मला कुणी देणार नव्हतं. आत्या रोज सकाळी पेला घेऊन उभ्या राहायच्या. पण डॉक्टरांनी रक्त घेताना हळूच सांगितलं होतं, "दूध सध्या नको. पोट दुखस सांग." मी तसं सांगायचे. आत्यांचं तोंड उतरायचं.

बाजाराच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. वसरीत सासरे, दीर, शेजारचे दोघं-तिघं बसले होते. डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, "टीबी नही."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी तापाचं नाव सांगितलं, ब्रुसेलोसिस. कुणाला ते उच्चारता आलं नाही. "ढोरेस्पाईन येनारा ताप शे. गोठा झाडता झाडता हातनी चीरमातून बी जास. औषध शे, लांब शे, पन उतरी जाई. जोडे बशीसन कोन्हाले व्हस नही. पोरले लई या. तिनं रगत चांगलं शे. फक्त पाजू नको. आनी आतेपाईन या घरमा दूध उकाळीसनच. बठास्नी."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. 'पोरले लई या' एवढंच कानात राहिलं. भाऊ येईपर्यंत मी ओट्यावरून उठले नाही.

पण वसरीत पुढं जे झालं तेच गावाला जास्त लक्षात राहिलं. सासऱ्यांनी फी विचारली. डॉक्टर म्हणाले, "फी नको. ती शेळी द्या माले."

सगळ्यांना थट्टा वाटली. आत्या गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मन्ही टिकली? काय म्हनी ऱ्हायनात?"

आणि डॉक्टर स्वच्छ मराठीत म्हणाले, "मला ती शेळीच हवी आहे. तीच माझी फी."

ते मराठीत बोलल्यावर वाद संपला. जनावरांच्या डॉक्टरांची गाडी बाहेर उभीच होती. टिकली गाडीत गेली, आणि आत्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या गल्लीच्या टोकापर्यंत गाडीच्या मागे गेल्या. "शेळीखाऊ मुडदा! मन्ही सून बरी करी म्हनीसन मन्ही लक्ष्मी लई गया!" रविवारी म्हसावदला डॉक्टरांनी रस्सा केला, अशी बातमी सोमवारी आमच्या गावात होती. डॉक्टर अंडंसुद्धा खात नसत. त्यांनी कधी कुणाला ते सांगितलं नाही.

औषध आणायला मी आणि हे दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि खरं सांगितलं. रोग दुधातून आला होता. शेळीनं पिलू टाकलं ते त्याच रोगानं, आणि पिलू नाही म्हणून सगळं कच्चं दूध माझ्या वाट्याला आलं. घरात ते दुसऱ्या कुणी पीत नव्हतं, म्हणून ताप एकट्या मला. शेळी जनावरांच्या डॉक्टरांकडे दिली होती. तिला पुन्हा कुणाच्या गोठ्यात जाऊ देणार नव्हते.

हे म्हणाले, "मग आईला सांगायला पाहिजे."

डॉक्टरांनी शेंगांचा डबा बंद केला. "दूध उकाळाले तिले सांगेल शे. शेळी गयी. आते तिना हातले जे कळानं ते कळी गयं. मनले काब कळाले पाहिजे? ती रोज सकाय उठीसन त्या पेलामा आपला जीव भरे. पोरपाईन माय तुटी गयी ती आपला पेलामुये, आसं तिनी ऐकं ते ती जगी का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माले चोर म्हनू दे. मन्हं काय जास?"

आम्ही सांगितलं नाही. माझा ताप उतरला. मुलगी घरी आली तेव्हा मला ओळखत नव्हती, दोन दिवस माझ्या कडेवर रडली, तिसऱ्या दिवशी माझी वेणी तोंडात घालून झोपली.

त्यानंतर कितीतरी वर्षं म्हसावदच्या बाजारात एक खेळ चालायचा. आत्या वांगी निवडत असायच्या, आणि डॉक्टर मागून येऊन म्हणायचे, "माय, टिकलीनी आठवन येस का?" आत्या तिथल्या तिथे ओरडायच्या, "दूर व्हय, शेळीखाऊ!" बाजार हसायचा. डॉक्टर खूश होऊन शेंगा विकत घ्यायला जायचे. मला वाईट वाटायचं. ज्या माणसानं मला माझं मूल परत दिलं त्याला माझ्या घरानं गावचा चोर केला, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. दोनदा मी आत्यांना म्हणालेही, "आत्या, आता पुरे करा." त्या म्हणायच्या, "तू चूप ऱ्हाय. तुले काय माहीत?"

गेल्या थंडीत डॉक्टर गेले. सकाळी उठलेच नाहीत. यांना फोन आला तेव्हा आत्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "ताप व्हता का?"

"नव्हता. झोपेतच गेले."

"मंग बरं," म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या. मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांचं वैर असलं तरी माणूस गेल्यावर एक शब्द चांगला बोलावा की नाही?

यंदाच्या आखाजीला मुलगी कॉलेजातून घरी आली होती. सासऱ्यांची घागर भरून झाली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरण झालं, निखारे फुलवून ठेवले. मी पानं वाढत होते. आत्या आता काठी घेऊन चालतात. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि लुगड्याच्या घडीतून काहीतरी घेऊन आल्या. तो पितळी पेला. इतक्या वर्षांत तो मी घरात पाहिला नव्हता. चिंच लावून लख्ख घासलेला. त्यांनी स्वतः दूध तापत ठेवलं, वर येऊ दिलं, खाली बसू दिलं, पुन्हा वर येऊ दिलं. मग ते पेल्यात ओतून घागरीशेजारी ठेवलं आणि त्याच्या बाजूला मूठभर भाजलेल्या शेंगा.

मी वाढायचं विसरून बघत राहिले. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुले काय वाटनं, माले समजनं नही? मी टिकलीनं नाव लिन्हं आनी त्यान्हा हात थांबना. मी बी त्याच बाकवर बशेल व्हती ना."

"आत्या! मंग यवढा वरीस त्यास्ले शिव्या?"

"त्यानी मन्हासाठे चोरनं नाव लिन्हं. मी शिव्या बंद करी देती, ते लोक इचारतीन, काब बंद व्हयन्यात? मंग त्यान्ही करनी वाया जाती." त्यांचा हात पेल्याच्या काठावरून फिरत होता. "त्याले बी माहीत व्हतं, माले माहीत शे म्हनीसन. नहीते दर बाजारले टिकलीनी आठवन काढता का तो?"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "आजी, ही घागर आजोबांची ना? मग पेला कोणाचा?"

आत्यांनी पुरणाचा घास केला, तूप सोडलं, निखाऱ्यावर टाकला. धूर वर आला तसा पेला दोन्ही हातांनी जरासा पुढे सरकवला आणि वावरातून हाक मारायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "उकाळेल शे बरं का, डॉक्टर."